एरर, डिफेक्ट, फेल्युअर आणि आपली एकटी 'चूक'

खोडरबर:
सॉफ्टवेअर चाचणीचा मजकूर मराठीत आणत होतो. मुद्दा साधा: माणूस एरर करतो, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये डिफेक्ट राहतो, तो भाग चालवला की फेल्युअर दिसतं. माझा पहिला खर्डा: 'माणसाच्या चुकीमुळे प्रोग्रॅममध्ये चूक राहते आणि चालवताना ती चूक दिसते.' वाचून माझं मलाच हसू आलं.

इंग्रजीत चुकांची प्रतवारी आहे. जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञाने १९९० साली मांडलेली विभागणी बघा. ठरवलं बरोबर पण हात भलतीकडे गेला, तर स्लिप. मध्येच विसरलो, तर लॅप्स. मुळात बेतच चुकला, तर मिस्टेक. नियम ठाऊक असून मोडला, तर व्हायोलेशन. माणसाला शिकवायचं, जाब विचारायचा की बटणाची जागा बदलायची, हे त्यावरून ठरवता येतं. आपण 'चूक झाली' म्हणून मोकळे! हे शब्द सरळ उचलावेत.

पानगळ:
एकटी? नजरचूक, घोडचूक, हस्तदोष, गफलत, गल्लत, कसूर, आगळीक, हलगर्जीपणा या काय परक्या आहेत? दोन गोष्टींची सरमिसळ झाली की गल्लत, लक्ष नसलं की गफलत, कर्तव्यात कमी पडलात की कसूर. अपयशाचं तर विचारूच नका. फजिती माणसाची होते, बोजवारा व्यवस्थेचा उडतो. उलट म्हणून बघा, कानाला खटकेल. तुमचं वाक्य घ्या: 'माणूस चुकतो, प्रोग्रॅममध्ये दोष राहतो, चालवताना बिघाड दिसतो.' झालं की!

खोडरबर:
वाक्य ढापतोय, आभार. पण हस्तदोष लिहिण्यातला. वैमानिकाने भलताच खटका ओढला तर हस्तदोष म्हणाल? शब्द आहेत हो, त्यांना कुंपणं नाहीत. बुद्धिबळात खेळीपुढे एक प्रश्नचिन्ह म्हणजे मिस्टेक, दोन म्हणजे ब्लंडर. वाद संपला.

पानगळ:
कुंपणं कुणीतरी बसून घातली म्हणून आहेत. एररचं लॅटिन मूळ भटकण्याचं. आपणही वाट चुकतोच. सामान उधारीचं नको, मेहनत करा.

टाचणी:
प्रोग्रॅममधल्या दोषाला सगळे बग म्हणतात, त्याचं काय करणार? १९४७ साली हार्वर्डच्या मार्क-२ संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेच्या खटक्यात, पतंग (उडवायचा नव्हे, दिव्याभोवती घिरट्या घालणारा) अडकला, तिथून शब्द आला. 'किडा' चालेल का? (मराठीत किडा डोक्यात असतो, ती वेगळी भानगड.)

पानगळ:
पतंग खरा, व्युत्पत्ती खोटी. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रात यंत्रातल्या खोडीला बगच म्हटलंय. पतंग नोंदवहीत चिकटवून शेजारी लिहिलं, खराखुरा बग सापडल्याची ही पहिली घटना. शब्द आधीच रुळलेला, म्हणून तर तो विनोद.

निळी शाई:
तुम्ही दोघं नामांवरून भांडताय, मला क्रियापदाची काळजी आहे. इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणात १९८७ साली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन म्हणाले, गंभीर चुका झाल्या. कुणाकडून? वाक्यात कर्ताच नाही. आपलं 'चूक झाली' त्याच जातीचं. पण मराठीत 'मी चुकलो' हे दोन शब्दांचं वाक्यही आहे. त्यात लपायला जागा नाही.

खोडरबर:
खरंय, पण कामाच्या ई-मेलमध्ये 'मी चुकलो' लिहिलेलं कधी पाहिलंय?

निळी शाई:
नाही. मीही लिहीत नाही. गेल्या महिन्यात जुन्या दरांची यादी ग्राहकाला पाठवली, पूर्णपणे माझा गाढवपणा. नंतर लिहिलं, 'फाइलमध्ये थोडा इश्यू झाला होता.' 'नजरचूक' लिहिणार होते, पण मग साहेबांनी विचारलं असतं, कुणाची नजर?

पानगळ:
म्हणजे इश्यूचं कुंपण बरोबर तुमच्यापुरतं आहे. खोडरबर, हा पण उचलणार का?