मदत हवी आहे: वेब सर्व्हर म्हणून अपाची ठेवू की एन्जिनएक्सवर जाऊ? (७ साइट, २ जीबी रॅम)

मंडळी, नमस्कार. कोथरूडला राहतो. नोकरी सांभाळून ओळखीच्यांच्या ७ वेबसाइट चालवतो. अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकवाल्यांची, एका खानावळीची, एका ढोल-ताशा पथकाची वगैरे. सहा वर्डप्रेसवर, एक साधी एचटीएमएल. सगळ्या एकाच भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हर): उबुंटू लिनक्स, अपाची, पीएचपी (वर्डप्रेसची भाषा), मायएसक्यूएल (डेटाबेस), रॅम २ जीबी.

एरवी काही तक्रार नाही. पण परवा रविवारी सकाळी १० वाजता पथकाची नवीन वादकांची नोंदणी उघडली आणि दहा मिनिटांत सगळं झोपलं. टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर अपाचीच्या प्रोसेसची रांग, एकेक ७०-८० एमबीची. रॅम संपल्यावर कर्नलने (उबुंटूच्या गाभ्याने) मायएसक्यूएललाच मारलं. त्यामुळे ज्यांचा ढोलाशी काही संबंध नाही ते पुस्तकवालेही बंद! काकांचा फोन आला, "अहो, शाळा उघडायच्या दिवसांत दुकानाला कुलूप लावलंत की!"

ऑफिसमधला मित्र म्हणतो, अपाची जुनाट झाला, एन्जिनएक्स टाक. दुसरा म्हणतो कॅडी हा तिसराच सर्व्हर घे, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट तोच काढतो आणि नूतनीकरणही तोच करतो. माझी अडचण म्हणजे पुस्तकवाल्यांच्या साइटवर डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये पाच वर्षांचे रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणारे नियम) साठलेत, आणि एन्जिनएक्स ती अपाचीची सेटिंग-फाइल वाचतच नाही म्हणे. सगळं हाताने पुन्हा लिहायचं का? की रॅम वाढवून मोकळं व्हायचं?

प्रतिसाद १
जुना म्हणजे जुनाट नव्हे. अपाची १९९५ चा, एन्जिनएक्स २००४ चा. दोन्ही आजही जोरात आहेत. इगोर सिसोएव्ह यांनी एन्जिनएक्स लिहिला तो एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या या प्रश्नावर. तुमच्या पथकात दहा हजार वादक आहेत का? :)

आधी तुमचा अपाची प्रीफोर्कवर (जोडण्या सांभाळायची त्याची जुनी पद्धत) चालतोय का बघा. मॉड-पीएचपी (अपाचीच्या आतच चालणारा पीएचपी) असेल तर तोच असणार. त्यात प्रत्येक जोडणीला एक अख्खी प्रोसेस, आणि तिच्या पोटात पीएचपी. साधा लोगो द्यायचा तरी ८० एमबीचा गडी उठतो, आणि कीप-अलाइव्हपायी (पुढच्या मागणीसाठी जोडणी उघडी ठेवणं) देऊन झाल्यावरही काही सेकंद तिथेच उभा राहतो. उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये असे १५० गडी चालतात. गुणाकार करा: १२ जीबी!

प्रीफोर्कऐवजी इव्हेंट एमपीएम (थोड्या प्रोसेसवर अनेक जोडण्या सांभाळणारी पद्धत) लावा आणि पीएचपी-एफपीएम (अपाचीबाहेर पीएचपी चालवणारी सेवा) वेगळा चालवा. एचटीअ‍ॅक्सेस जशीच्या तशी राहील. मग एफपीएमच्या मॅक्स-चिल्ड्रनचा (एका वेळी जास्तीत जास्त किती पीएचपी प्रोसेस) आकडा रॅम बघून ठरवा. उबुंटू आणि मायएसक्यूएल वजा जाता तुमच्याकडे साधारण १ जीबी उरेल, म्हणजे ८० एमबीच्या हिशेबाने १२. तेराव्याला रांगेत उभं राहू दे, मायएसक्यूएल तर मरणार नाही.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. एक खाच मात्र आहे. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये पीएचपी-व्हॅल्यूने सुरू होणारी ओळ असेल तर एफपीएमवर गेल्यावर ५०० एरर (सर्व्हरवरची चूक, पान उघडत नाही) येईल. ती ओळ काढून डॉट यूजर डॉट आयएनआयमध्ये (पीएचपीची साइटपुरती सेटिंग-फाइल) टाका.

धागाकर्ता
प्रीफोर्कच निघाला! काल रात्री बदललं. पुस्तकवाल्यांच्या साइटवर ५०० आलाच. अपलोडची मर्यादा वाढवणारी ती एक ओळ होती. हलवल्यावर ठीक. प्रतिसाद २, तुमचं लिहिलेलं वाचलं नसतं तर रात्रभर शोधत बसलो असतो.

शेवटची शंका: सातही साइट एफपीएमच्या एकाच पूलमध्ये (पीएचपी प्रोसेसचा गट) ठेवू, की पथकाला वेगळा देऊ?

प्रतिसाद १
वेगळा. पथकाला ५, बाकीच्यांना ७, बेरीज बाराच्या पुढे नको. मग नोंदणीला कितीही झुंबड उडू दे, काकांचं दुकान उघडं राहील.