अक्षय तृतीयेच्या बुकिंगला आंब्याची साईट पडली, यंदा काय तयारी करू?

देवगडचा_बागवाला

नमस्कार मंडळी. आमची देवगडला हापूसची कलमं आहेत आणि तीन वर्षं झाली, वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर ऑनलाईन दुकान चालवायचं प्लगिन) स्वतःची साईट काढून थेट गिऱ्हाइकाला पेटी पाठवतो, मध्ये दलाल नाही. एरवी दिवसाला 15-20 ऑर्डरी, काही त्रास नाही. गेल्या वर्षी अक्षय तृतीयेच्या दहा दिवस आधी सकाळी 9 ला बुकिंग उघडलं, व्हॉट्सअपच्या सगळ्या ब्रॉडकास्ट लिस्टवर एकदम लिंक टाकली आणि 9 वाजून 6 मिनिटांनी साईट गेली. आधी नुसतं गोल फिरत राहिलं, मग 503 (सर्व्हर सध्या उत्तर देऊ शकत नाही असा एरर), मग मध्येच चालू व्हायची की परत बंद. होस्टिंगवाला म्हणे तुमची लिमिट संपली.

दुपारी हिशोब लावला तर माल 180 पेट्यांचा आणि पैसे जमा 212 पेट्यांचे. 32 जणांना आईने एकेक फोन करून माफी मागितली. त्यात पुण्याच्या एक आजी होत्या, त्यांच्याकडे अक्षय तृतीयेला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी आंबा तोंडात घालत नाही, त्या एवढंच म्हणाल्या की "अगं पैसे तर गेले माझे". मी शेजारीच उभा होतो. यंदा हे होऊ द्यायचं नाहीये.

शेअर्ड होस्टिंग आहे (एकाच सर्व्हरवर बऱ्याच जणांच्या साईट), कॅश प्लगिन (तयार पानं साठवून पटकन दाखवणारं) पण टाकलंय, तरी का पडली? मोठा सर्व्हर घेतला की भागेल का?

रात्रपाळी_सर्व्हरवाला

भाऊ, कॅश प्लगिनने तुझं होमपेज आणि आंब्याची पानं वाचतात, पण कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही पानं कॅश होत नाहीत आणि करायचीही नसतात, नाहीतर एकाची कार्ट दुसऱ्याला दिसेल. त्यात माणसाने एकदा पेटी कार्टमध्ये टाकली की वूकॉमर्स त्याच्या ब्राउझरला कुकी (ओळखीची खूण) लावतं आणि बऱ्याच ठिकाणी त्यानंतर त्याला होमपेजसुद्धा कॅशमधून मिळत नाही, प्रत्येक क्लिक थेट पीएचपी (पान दर वेळी नव्याने बनवणारा कोड) आणि डेटाबेसवर. म्हणजे नुसते बघे असतील तर साईट तग धरते, घेणारे आले की पडते.

साधं गणित बघ. शेअर्ड होस्टिंगवर समज 4 पीएचपी वर्कर (एका वेळी एकेकच रिक्वेस्ट हाताळणारे) आहेत आणि चेकआउटच्या एका रिक्वेस्टला 2 सेकंद लागतात, तर सेकंदाला 2 रिक्वेस्ट निघणार, मिनिटाला 120. एका गिऱ्हाइकाला कार्टपासून पैसे भरेपर्यंत अशा 6 रिक्वेस्ट लागल्या तर मिनिटाला फक्त 20 माणसं पार. तुझ्याकडे पहिल्या पाच मिनिटांत किती आली असतील? मागची सगळी रांगेत, ती कंटाळून रिफ्रेश मारतात, रांग अजून वाढते.

म्हणून मोठा सर्व्हर घे, पण आधी ते 2 सेकंद कशात जातात ते शोध. चेकआउटला पिनकोड टाकल्यावर कुरिअरचा रेट कुठून येतो? आणि ऑर्डरचा ईमेल कुठून जातो?

अजून एक काम कर, त्या 212 मधल्या सगळ्या ऑर्डरी उघड आणि कॅन्सल्ड किती दिसतात आणि किती वाजता कॅन्सल झाल्या ते सांग.

कोथरूडकर77

एवढा व्याप कशाला, शॉपिफायवर (ऑनलाईन दुकानाची तयार सेवा) जा, सर्व्हर त्यांनी सांभाळायचा. महिन्याचे पैसे जातात पण डोकं शांत राहतं.

फराळवाली_ताई

मी दिवाळीचा फराळ विकते, चकली आणि अनारसे जास्त, निम्मी पार्सलं परदेशात जातात त्यामुळे माझी गर्दी दसऱ्याच्या आधीच येते. माझी साईट पण अशीच पडली होती. तांत्रिक मला फार कळत नाही पण ज्याने फरक पडला ते सांगते. व्हॉट्सअपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 च नंबर बसतात ना, तर माझ्या आठ लिस्ट आहेत, मी आता एकदम टाकत नाही, दर वीस मिनिटांनी एक लिस्ट. आणि रोजचा कोटा ठरवते, पहिल्या दिवशीच सगळा माल उघडा ठेवत नाही, म्हणजे शेवटच्या लिस्टवाल्यांनाही मिळतो आणि कोणी नाराज होत नाही. लोक जाम समजूतदार असतात हो, त्यांना फक्त आधी सांगावं लागतं.

आणि दादा, फोटो बघ तुझे. माझ्या होमपेजवर मोबाईलने काढलेले 5-5 एमबीचे फोटो तसेच चढवले होते, भाच्याने वेबपी (फोटोचा हलका फॉरमॅट) करून 150 केबीवर आणले.

देवगडचा_बागवाला

ताई, लिस्ट टप्प्याटप्प्याने टाकायचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या सहा लिस्ट आहेत, यंदा तसंच करतो.

सर्व्हरवाले दादा, कुरिअरचा रेट प्लगिन दर वेळी कुरिअर कंपनीच्या सर्व्हरला विचारून आणतं. ईमेल बाहेरच्या एसएमटीपीवरून (मेल पाठवणारा सर्व्हर). आणि ऑर्डरी बघितल्या, पैसे आलेले असूनही 26 कॅन्सल्ड दिसतायत, सगळ्या एकाच वेळी, 10 वाजून 41 मिनिटांनी. आम्ही कोणी हात पण लावला नव्हता. उरलेल्या 6 बाबांनी फोनवर घेतलेल्या, वहीत लिहिल्या होत्या, साईटवर वजा करायच्या राहिल्या.

रात्रपाळी_सर्व्हरवाला

हाच तो घोळ, आणि तो सर्व्हर मोठा करून सुटला नसता.

वूकॉमर्समध्ये इन्व्हेंटरीच्या सेटिंगमध्ये होल्ड स्टॉक म्हणून आकडा असतो, मुळात 60 मिनिटं. पैसे न भरलेली ऑर्डर तेवढा वेळ माल धरून ठेवते, नंतर ती आपोआप कॅन्सल होते आणि माल परत विक्रीला येतो. तुझ्या 26 जणांनी यूपीआयने पैसे भरले, पण भरून परत येताना तुझी साईट बंद होती, त्यामुळे वूकॉमर्सला पैसे आल्याचं कळलंच नाही. त्याने त्या ऑर्डरी न भरलेल्या समजून एकगठ्ठा कॅन्सल केल्या आणि त्याच 26 पेट्या दुसऱ्यांना विकल्या. त्या आजी बहुतेक यातल्याच.

उपाय म्हणजे पेमेंट गेटवेचा (ऑनलाईन पैसे घेणारी सेवा) वेबहुक चालू कर. मग पैसे आल्याची खबर ब्राउझरवर अवलंबून राहत नाही, गेटवेचा सर्व्हर थेट तुझ्या सर्व्हरला सांगतो आणि उत्तर मिळालं नाही तर थोड्या वेळाने परत पाठवतो. टेस्ट मोडमध्ये पैसे भर, पैसे गेल्या गेल्या ब्राउझर बंद कर आणि ऑर्डर प्रोसेसिंगला (म्हणजे पैसे आले) जाते का बघ. हे होईपर्यंत ते 60 कमी करू नकोस, नाहीतर आणखी लवकर कॅन्सल होतील. वेबहुक नीट चालला की मग 15-20 वर आण.

कुरिअरचा रेट लाईव्ह विचारणं बंद. पेटीचं वजन ठरलेलं आहे, मुंबई-पुणे, बाकी महाराष्ट्र, महाराष्ट्राबाहेर असे झोन करून दर टाकून दे. ईमेल डिफर कर (मागाहून जाऊ दे) म्हणजे चेकआउट त्याच्यासाठी थांबणार नाही. डब्ल्यूपी क्रॉन (ठरल्या वेळची कामं करणारा) पानं उघडल्यावर चालतो तो बंद करून सर्व्हरचा खरा क्रॉन लाव. मग व्हीपीएस (फक्त तुझ्यासाठी राखलेला सर्व्हरचा भाग) घे, मुंबईतला, सीझनपुरता मोठा आणि जूनमध्ये परत लहान, त्यावर रेडिस (डेटाबेसची उत्तरं मेमरीत धरून ठेवणारं) टाक. आणि साईटची कॉपी करून तिच्यावर जेमीटरने (गर्दीची चाचणी घेणारं सॉफ्टवेअर) खोटी गिऱ्हाइकं सोड, पेमेंट सोडून बाकी सगळं करायला लाव. होस्टिंगवाल्याला आधी सांग, नाहीतर हल्ला समजून ब्लॉक करतील.

@कोथरूडकर77 शॉपिफायने सर्व्हरची चिंता जाते हे बरोबर, पण बाबांच्या वहीतल्या 6 पेट्या तिथेही चुकल्याच असत्या.

देवगडचा_बागवाला

दादा, आठवडाभर हेच करत होतो. वेबहुक आमच्याकडे कधी लावलेलाच नव्हता, लावला, ब्राउझर बंद करून तीनदा बघितलं, तिन्ही ऑर्डरी प्रोसेसिंगला गेल्या. कुरिअरचे झोन केले आणि चेकआउट साडेचार सेकंदांवरून सव्वा सेकंदावर आलं, नुसत्या तेवढ्याने! व्हीपीएसवर कॉपी टाकून 60 खोटी गिऱ्हाइकं एकदम सोडली, तग धरला. 150 ला अडखळली, पण लिस्ट वीस-वीस मिनिटांनी टाकल्या तर तेवढी एकदम येऊ नयेत.

बाबांना मोबाईलवर वूकॉमर्सचं ॲप टाकून दिलंय. फोनवरची ऑर्डर आता तेच त्यात चढवतात, चष्मा लावून, आणि मग वहीत पण लिहितात. चौदा आणे तयार झालेला आंबा झाडावर थांबत नाही, पुढच्या सोमवारी पहिली काढणी आहे. त्या पुण्याच्या आजींची पेटी आईने आधीच बाजूला धरलीय, साईटवरून वजा करून.