मदत हवी आहे: नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसबद्दल

नमस्कार मंडळी. डोंबिवलीतला आमचा फ्लॅट बाबांच्या नावावर आहे. आई-बाबा आता गावी असतात आणि फ्लॅटमध्ये माझी लग्न झालेली बहीण राहते. भाडंबिडं काही नाही. तरी एप्रिलपासून सोसायटीच्या मेंटेनन्स बिलात 'बिनभोगवटा शुल्क' (म्हणजेच नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, मालक स्वतः राहत नसला की लावतात ते) अशी नवी ओळ आली आहे, आणि तीही एकूण बिलाच्या २५ टक्के. म्हणजे पाणी, सिंकिंग फंड, सगळ्यावर!

माझ्या माहितीप्रमाणे १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या (वॉचमनचा पगार, ऑफिस खर्च वगैरे) १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि विवाहित मुलगी राहत असेल तर मुळीच नाही. सेक्रेटरींना हे दाखवलं, तर म्हणाले, "जनरल बॉडीने ठराव केलाय, जनरल बॉडी सर्वोच्च." अहो, पण सर्वोच्च म्हणजे कायदा आणि उपविधींच्या (सोसायटीच्या नियमावलीच्या) चौकटीतच ना? इतिवृत्ताची प्रत मागितली, तर "बघू" म्हणतात. चेअरमन काका माणूस चांगला, पण कागदाला हात लावत नाहीत.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, तेव्हा विषय काढावा की थेट सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करावा? तोवर ती रक्कम वगळून बाकीचं बिल भरलं तर बाबांना थकबाकीदार ठरवतील का? की 'हरकत राखून' असं लिहून पूर्ण भरावं? आणि अर्ज बाबांच्याच सहीने लागतो की अधिकारपत्रावर मी करू शकतो? कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.