लहान पोरांना घेऊन थीम पार्क : दमछाक न होता सुट्टी कशी आखलीत? (अनुभव धागा)

येत्या सुट्टीत छोट्यांना घेऊन थीम पार्कला जायचं चाललंय. मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड, सोबत सासू-सासरे. राइड्सची यादी नकोय, ती कुठेही मिळते. मला हे हवंय की दुपारच्या झोपेचं काय केलंत, रांगेत पोरं कशी सांभाळलीत, जेवणाखाण्याचं काय, म्हातारी माणसं दिवसभर काय करत होती, आणि घरी आल्यावर आठवडाभर अंग धरून बसायची वेळ कशी टाळलीत. इमॅजिका, ऑर्लँडो, सिंगापूर, युरोप, कुठलंही चालेल. लांबलचक लिहा, मी सगळं वाचणारे.

पुणे, मुलगी पाच वर्षांची, मुलगा तीन

आम्ही इमॅजिकाला गेलो, खोपोलीजवळचं, 2013 ला सुरू झालं ते. पुण्याहून जवळ वाटतं म्हणून बहुतेक जण पहाटे निघून रात्री परत येतात, लहान पोरं असतील तर हे नका करू असं मी हात जोडून सांगेन. एक तर बोरघाट उतरायचा, आमच्या धाकट्याला घाट लागतो, त्यात शनिवारी सकाळी खंडाळ्यात गाड्या तुंबल्या की गेटवर पोचेपर्यंतच पोरं किरकिरी झालेली असतात. आम्ही मधला वार धरला, आदल्या संध्याकाळी निघून तिथेच जवळ मुक्काम केला आणि पार्कनंतरची रात्रही तिथेच काढली. पैसे जास्त गेले, पण रात्री पेंगणाऱ्या पोरांना घेऊन घाट चढायचा नाही हे एक सुख फार मोठं होतं.

सासूबाईंचं म्हणणं होतं एवढं खोपोलीपर्यंत जातोय तर महडचा वरदविनायक करायचाच. तो तिथून जवळच आहे. मग सकाळी सासू-सासरे दर्शनाला गेले, आम्ही चौघं पार्क उघडताना आत, आणि ते जेवायच्या वेळेला येऊन मिळाले. त्यांचा दिवस त्यांच्या मनासारखा सुरू झाला त्यामुळे दुपारनंतर तेही मजेत होते.

आता उंचीचं सांगते कारण सगळ्यात जास्त रडारड तिथे होते. जायच्या आठवडाभर आधी घरी दाराच्या चौकटीला टेप लावून दोघांची उंची मोजली, बूट काढून, आणि पार्कच्या साइटवर कुठल्या राइडला किती उंची लागते ते बघून मुलीसमोरच कागदावर लिहिलं, या आपल्या आणि या मोठी झालीस की. तो कागद तिने स्वतः फ्रिजवर लावला. तिथे गेल्यावर एका राइडच्या पट्टीपाशी तिच्याएवढीच एक मुलगी अर्धा तास रांगेत थांबून परत फिरवली गेली, ते लेकरू इतकं रडत होतं की आपल्यालाच भरून यावं. आमची मात्र लांबूनच म्हणाली, आई ही आपली नाहीये ना.

नवऱ्याला नायट्रोमध्ये बसायचंच होतं, तो पाय अधांतरी लोंबकळणारा मोठा रोलरकोस्टर. तो एकटा गेला, तोवर मी दोघांना टबी हत्तीच्या वर-खाली उडणाऱ्या राइडमध्ये बसवलं, उतरले की पुन्हा, उतरले की पुन्हा. लहान मुलांना नवीन राइड नको असते हो, तीच पुन्हा हवी असते, आपणच पुढे चला पुढे चला म्हणून ओढतो त्यांना. भर उन्हाच्या वेळी बंदिस्त एसीवाल्या राइड्स धरल्या. आय फॉर इंडियामध्ये मोठ्या पडद्यासमोर खुर्च्या उचलल्या जातात आणि आपण भारतावरून उडतोय असं वाटतं, सासरे बाहेर आले ते थेट परत रांगेकडेच निघाले.

जेवण आतच घ्यावं लागतं, आपल्याकडच्या बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं गेटवर अडवतात, बाळाचं तेवढं चालतं. धाकट्याचा तूपभात छोट्या थर्मासमध्ये नेला. बाकीच्यांनी साडेअकरालाच जेवून घेतलं, एक वाजता तिथे जी झुंबड उडते त्यात ताट धरून उभं राहणं आणि पोरं सांभाळणं एकत्र होत नाही.

नाशिक, आजोबा

मी आजी-आजोबांच्या बाजूने लिहितो. सूनबाईंनी निघायच्या आधीच स्पष्ट सांगितलं होतं की बाबा, तुम्ही दोघांनी सगळीकडे आमच्या मागे फिरायचं नाही. आत शिरल्यावर सावलीतली एक जागा ठरवली, स्वच्छतागृह आणि पाणी जवळ असलेली. आम्ही तिथे सामान घेऊन बसायचो, नातवंडं येऊन जाऊन असायची. धाकटी झोपली की बाबागाडी आमच्यापाशी आणि मुलगा-सून मोठ्याला घेऊन मोकळे. ह्यात कुणाला आपण लोढणं आहोत असं वाटलं नाही. तरुण मंडळींना एवढंच सांगेन की म्हाताऱ्यांना काय जमेल ते आधी विचारा, आम्ही आपणहून पाय दुखतात म्हणणार नाही.

न्यू जर्सी, मुलगा सहा, मुलगी अडीच, सोबत सांगलीहून आलेले आई-बाबा

आमचं ऑर्लँडो. डिस्नी वर्ल्ड म्हणजे एक पार्क नाही हे आधी डोक्यात बसवायचं. मॅजिक किंगडम 1971 चं, मग एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, अ‍ॅनिमल किंगडम अशी चार पार्कं, वर दोन वॉटर पार्क, आणि सगळी लांब लांब. इथले बरेच मित्र चार दिवसांत चारही उरकतात. आम्ही मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडम एवढी दोनच घेतली आणि मध्ये एक अख्खा दिवस कोरा ठेवला, त्या दिवशी फक्त हॉटेलचा पूल, दुपारी झोप, संध्याकाळी आईने खोलीतल्या मायक्रोवेव्हमध्ये पोहे केले. मोठ्याला ट्रिपमधलं काय आवडलं विचारलं की तो अजून पूल म्हणतो, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

तिकीट तीन वर्षांपासून लागतं त्यामुळे धाकटी फुकट. ती तीनची व्हायच्या आधी जावं का थांबावं यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली, माझं मत विचाराल तर एवढ्या लहान मुलीसाठी म्हणून मुद्दाम जाऊ नका, पण मोठा योग्य वयाचा असेल तर ती बरोबर मजेत फिरते.

दोन गोष्टी जरूर माहीत करून घ्या. एक रायडर स्विच. समजा सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन, तिला 38 इंच उंची लागते, मोठा बसू शकतो धाकटी नाही. तर सगळ्यांनी मिळून राइडच्या तोंडाशी जायचं, तिथल्या माणसाला सांगायचं, मग एक पालक मोठ्याला घेऊन रांगेतून जाऊन येतो, दुसरा बाहेर धाकटीपाशी थांबतो, आणि नंतर दुसऱ्याला ती लांब रांग परत लावावी लागत नाही, वर मोठ्याला त्याच्याबरोबर पुन्हा बसता येतं. ह्याचे वेगळे पैसे नाहीत. दुसरी म्हणजे बेबी केअर सेंटर, चारही पार्कांत आहे. मॅजिक किंगडममधलं मेन स्ट्रीटच्या टोकाला. आत शांतता, थंडावा, दूध पाजायला वेगळी जागा, डायपर बदलायची टेबलं, छोट्या खुर्च्या आणि मायक्रोवेव्ह. बाहेरचं खाणं तिथे आत नेता येतं, फक्त काचेच्या बाटल्या नकोत, त्यामुळे मी सकाळी मऊ भात डब्यात भरून न्यायचे, तिथे गरम करून मेतकूट-तूप घालून भरवायचे आणि ती तिथेच पेंगायला लागायची. खाण्याच्या काउंटरवर गार पाण्याचे ग्लास मागितले की फुकट देतात, बाटल्या विकत घेत बसू नका.

दुपारी एक वाजता आम्ही बाहेर, काहीही चालू असो. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारनंतर खूपदा आभाळ भरून येतं, वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड्स बंद होतात, त्या वेळी पोरं खोलीत झोपलेली बरी. पाचला परत. पण ही ये-जा जमायची तर हॉटेल असं बघा जिथून बस किंवा मोनोरेल थेट पार्कच्या दारात नेते. स्वतःच्या गाडीने मॅजिक किंगडमला गेलात तर पार्किंग तळ्याच्या अलीकडे, तिथून पुढे मोनोरेल नाहीतर फेरीबोट, त्यातच वेळ जातो.

बाबांचा गुडघा दुखतो, त्यांच्यासाठी व्हीलचेअर घ्यायची म्हटल्यावर ते म्हणाले, मी काय आजारी आहे का. आईनेच समजावलं, अहो बसायला नाही तर आपली पिशवी ठेवायला घेऊ. अकरा वाजेपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बाबा त्यात बसलेले आणि नात ती ढकलायला हटून बसलेली. अ‍ॅनिमल किंगडमची ट्रकमधली सफारी सहाही जणांना एकत्र करता आली, तिला उंचीची अट नाही, सकाळी लवकर गेलो. जिराफ ट्रकला इतका खेटून गेला की धाकटीने टाटा करायला वर केलेला हात तसाच वर राहिला.

आइंडहोवन, नेदरलँड्स, जुळी मुलं चार वर्षांची

युरोपात कुणी असाल किंवा येणार असाल तर एफ्टेलिंग बघा, डिस्नीच्या नादात ते राहून जातं. 1952 पासूनचं आहे, काट्सहोफलला, टिलबर्ग किंवा डेन बॉशला ट्रेनने उतरून बस मिळते. तिथलं परीकथांचं जंगल म्हणजे खरोखरचं जंगल, उंच झाडं, पायवाटा, आणि वळणावळणावर एकेक गोष्ट. रांग नाही, पट्टा नाही, उंची नाही. पोरं आपल्या पायाने पुढे पळतात आणि आपण मागून चालतो, बस.

तिथे कचऱ्याचे डबे म्हणजे मोठं तोंड उघडलेल्या जाड्या माणसाचे पुतळे आहेत, ते कागद इथे टाका म्हणून ओरडत असतात, आणि तोंडापाशी कागद नेला की आत ओढून घेतात आणि धन्यवाद म्हणतात. आमच्या दोघांनी रस्त्यावरचे कागद वेचून वेचून त्याला भरवले, माझ्या बॅगेतली जुनी बिलंसुद्धा गेली. त्या एका पुतळ्यापाशी आम्ही जितका वेळ होतो तितक्या वेळात लोकांच्या तीन राइड्स झाल्या असतील. मला तर वाटतं लहान मुलांबरोबर जायचं ते ह्याच्यासाठीच. इथल्या हवेचा भरवसा नाही तेव्हा रेनकोट आणि एक कपड्यांचा जोड जवळ ठेवा, आणि शाळेच्या सुट्ट्या सोडून जा.

ठाणे, मुलगी तीन वर्षांची

आमचं थोडं वेगळं, आम्ही सिंगापूरला जाऊन युनिव्हर्सल स्टुडिओज हे तिथलं मोठं थीम पार्क मुद्दाम वगळलं. तीन वर्षांच्या मुलीला तिथल्या बऱ्याच मोठ्या राइड्स चालत नाहीत आणि दमट हवेत दिवसभर रांगा लावायच्या नव्हत्या. त्याऐवजी गार्डन्स बाय द बेमधली मुलांची बाग, पाण्याची कारंजी आणि खेळायची जागा, प्रवेश फुकट, स्विमिंगचे कपडे आणि टॉवेल मात्र न्या. एक सकाळ मंडाई भागातल्या बर्ड पॅराडाइज या पक्ष्यांच्या पार्कला, ते 2023 ला उघडलं. सेंटोसाला मोनोरेलने जाऊन नुसतं समुद्रावर वाळूत खेळलो. नातेवाईकांनी विचारलंच, एवढं जाऊन युनिव्हर्सल नाही केलंत? नाही केलं. ती मोठी झाली की करू.

धागा काढणारी

सगळ्यांना मनापासून थँक्यू, उंचीचा कागद आजच करते. एक भीती अजून आहे, गर्दीत मूल हरवलं तर? आणि मोठ्या आवाजाला घाबरणारं मूल असेल तर काय करता?

मुंबई, बाबा, मुलगा चार वर्षांचा

दोन्हीवर सांगू शकतो. मोबाइल नंबर बॉलपेनने मनगटावर लिहायचा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी, घामाने जात नाही. नाव बाहेर दिसेल असं लिहू नका. गेटवर रोज सकाळी फोटो काढतो, आज कुठले कपडे घातलेत ते फोनमध्ये राहतं, घाबरल्यावर आपल्याला शर्टचा रंगसुद्धा आठवत नाही. आणि त्याला पार्कच्या माणसांचा युनिफॉर्म दाखवून ठेवतो, आई-बाबा दिसले नाही तर हलायचं नाही, ह्या कपड्यातल्या माणसाला हाक मारायची, हा खेळ आम्ही घरी बरेच दिवस खेळलो.

आवाजाचं म्हणाल तर आमच्या मुलाला फटाके, भोंगे, अंधार काही सहन होत नाही. कान झाकणारे हेडफोन घेतले, ते घरी घालायची सवय आधी लावली. अंधाऱ्या राइडचा व्हिडिओ आदल्या रात्री दाखवतो, आत काय येणार ते कळलं की तो बसतो, नाहीतर बसवत नाही. मागच्या वेळी रांगेत पार पुढे पोचल्यावर नको म्हणाला, आम्ही निघून आलो. मागचे एक काका म्हणाले अहो बसवा, रडेल आणि गप्प होईल. मी त्यांना शांतपणे सांगितलं की तो नको म्हणतोय. रात्रीची आतषबाजी असेल तर लांबून बघायची, ऑर्लँडोला मॅजिक किंगडमची आतषबाजी तळ्यापलीकडच्या पॉलिनेशियन हॉटेलच्या किनाऱ्यावरून छान दिसते आणि आवाज बराच कमी येतो.

पुणे, मुलगी पाच वर्षांची, मुलगा तीन

ताई, तुमची दीड वर्षाची आहे म्हणून अजून थोडं. पावसाळ्यात खोपोलीकडे बदाबदा कोसळतो, जोराच्या पावसात बाहेरच्या राइड्स थांबवतात, त्यामुळे तान्हं असेल तर जुलै-ऑगस्ट नकोच, दिवाळीनंतर हवा चांगली असते. घाटाचं औषध डॉक्टरांना विचारूनच द्या. आम्ही निघताना पोटभर दूध न देता कोरडी पोळी देतो, गाडीत मोबाइल बघू देत नाही, मागच्या सीटवर टॉवेल, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बदलायचा शर्ट हाताशी ठेवतो. आणि बाबागाडी तुमचीच न्या, मान मागे टाकता येणारी, म्हणजे धाकटी तिच्यात झोपते आणि कुणाला खोलीवर परत जावं लागत नाही.