पत्र्याची वाफेची बोट चार वेळा टरटरते आणि थांबते, काय करावे?

परातीतलं_बंदर

जत्रेत विक्रेता परातीत पाणी भरून गोल गोल फिरवत बसायचा, ती पत्र्याची बोट. कुणी टरटर बोट म्हणतं, कुणी फटफट बोट, कुणी नुसतीच आगबोट. तशी एक जुनी बोट दुरुस्त करायची आहे. लांबी साधारण १२ सेंमी. पोटात चपटी डबी, डबीतून निघून मागच्या अंगाला पाण्याखाली उघडणाऱ्या दोन बारीक नळ्या, आणि डबीखाली सरकवायचा तेलवातीचा पत्र्याचा चमचा. रंग उडालाय, पण कुठे गंजून भोक पडलेलं दिसत नाही.

नळीतून पाणी भरलं, चमच्यात दहा-बारा थेंब खोबरेल आणि कापसाची वात. पेटवल्यावर मिनिटभर काही नाही, मग चार-पाच वेळा टर्रर्र, बोट वीतभर पुढे आणि बंद. पुन्हा पाणी भरलं की पुन्हा तेच. शिवाय जेवढी जाते तेवढी डावीकडे वळत जाते.

आणखी एक. सातवीतल्या मुलीचा प्रश्न असा की, त्याच नळीतून पाणी बाहेर जातं आणि त्याच नळीतून आत येतं, मग बोट जागच्या जागी पुढे-मागे का होत नाही? उत्तर नीट देता आलं नाही.

पत्रेकाम

"चार वेळा टरटरते आणि थांबते" हे लक्षण फार उपयोगी आहे. मुळीच सुरू झाली नसती तर कारणं दहा निघाली असती. इथे दोनच: डबीत हवा राहिली आहे किंवा हवा शिरते आहे. हे खेळणं चालतं ते वाफ आटते म्हणून. वाफ थंड झाली की तिचं पाणी होतं आणि रिकाम्या झालेल्या जागेत बाहेरचं पाणी ओढलं जातं. हवा आटत नाही. तिची गादी तयार झाली की पाण्याचं येणं-जाणं संपलं.

आधी भरण्याची पद्धत तपासा. नळ्या दोन असतात त्या भरायला सोपं जावं म्हणून. चालायला एकही पुरते, तशा एका नळीच्या बोटीही असतात. बोट नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभी धरा, म्हणजे नळ्यांची तोंडं वर येतील. ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज घेऊन एका नळीत हळूहळू पाणी सोडा. दुसऱ्या नळीतून पाणी यायला लागलं तरी थांबू नका, पहिलं येतं ते बुडबुड्यांसकट येतं. डबीला नखाने टकटक करत आणखी दोन-तीन मिली सोडा, सलग धार येईपर्यंत. मग दोन्ही तोंडांवर हाताचं बोट दाबून धरा, आगबोट परातीत टेकवा आणि तोंडं पाण्याखाली गेल्यावरच हाताचं बोट काढा. इथेच निम्मे लोक चुकतात. तोंड क्षणभर जरी पाण्याबाहेर आलं तरी नळी रिकामी होते.

हे करूनही तेच झालं तर गळती. एक नळी बोटाने बंद करा, दुसरीला रबरी नळीने सिरिंज जोडा, डबी पाण्यात बुडवा आणि दट्ट्या अगदी हलका दाबा. बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. बहुतेक वेळा नळी डबीत शिरते त्या मुळाशी. तोंडाने फुंकू नका, सांधे जोडायला वितळवून लावलेल्या जुन्या डाखात शिसं असतं. आणि जोरही लावू नका, डबीचा वरचा पत्रा कागदासारखा पातळ असतो, तो फुगून बसला तर टरटर कायमची गेली.

डावीकडे वळणं हा बिघाड नसेलही. मागे पत्र्याचं छोटं सुकाणू असेल तर ते मुद्दाम वाकवून ठेवलेलं असतं, परातीत गोल फिरावी म्हणून. सरळ करून बघा. सुकाणू सरळ असूनही वळत असेल तर दोन नळ्यांपैकी एक वाकडी आहे किंवा चोंदली आहे.

कंदीलवाला

पाण्याचं वर आलंय, मी विस्तवाबद्दल लिहितो. लोक ज्योत मोठी ठेवतात. मोठ्या ज्योतीने बोट वेगात जाईल असं वाटतं, होतं उलटंच. डबी इतकी तापते की वाफेचा रेटा थेट नळीच्या टोकाबाहेर जातो, परत ओढून घ्यायला थंड पाणी उरत नाही आणि डबी कोरडी पडते. ज्योतीचं टोक डबीच्या बुडाला जेमतेम लागेल एवढीच वात बाहेर ठेवा, ३ ते ४ मिमी. वात निरांजनाच्या फुलवातीपेक्षा बारीक हवी.

खोबरेल तेलाचा एक घोळ आहे. ते साधारण २४ अंशांना गोठतं. डिसेंबरात पुण्या-नाशकात सकाळी बोट पेटवायला गेलात तर वातीत तेल चढतच नाही, ज्योत आधी मिणमिणते आणि तेल वितळलं की एकदम भडकते. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं वापरा. रॉकेल, स्पिरिट अजिबात नको, चमचा उघडा असतो आणि बोट हिंदकळते. सगळ्यात बिनघोर म्हणजे वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती, दीड सेंमीचा तुकडा, चमच्यात मेणाच्या थेंबावर चिकटवून.

तेलाने बुडाला काजळी धरते. काजळीचा थर उष्णता अडवतो, म्हणून तीन-चार वेळा चालवून झाली की बूड कोरड्या फडक्याने पुसायचं. वरची पत्र्याची खोली बंदिस्त असेल तर ज्योतीला हवा पुरत नाही आणि वात मध्येच विझते. तुमची बोट थांबते तेव्हा वात पेटलेली असते का, ते लिहिलं नाहीत.

आणि एक गोष्ट सर्वात महत्त्वाची: कोरड्या डबीखाली ज्योत ठेवू नका, अर्धा मिनिटही नाही. नेहमीचा शिसं-कथलाचा डाख १८३ ते १९० अंशांना वितळतो. आत पाणी आहे तोवर पत्रा १०० च्या आसपास राहतो आणि सांधे सुरक्षित असतात. पाणी संपलं की मेणबत्तीची ज्योतही ते सांधे सोडवायला पुरेशी आहे. जुन्या बोटींच्या गळतीचं हेच कारण असतं.

तिसरा_नियम

मुलीच्या प्रश्नासाठी पेटलेली मेणबत्ती घ्या. हातभर अंतरावरून फुंकर मारा, विझते. आता तेवढ्याच अंतरावरून तोंडाने हवा आत ओढा. ज्योत हलतही नाही. फुंकर एका दिशेने झोतासारखी जाते, ओढलेली हवा मात्र तोंडाभोवतीच्या सगळ्या बाजूंनी येते.

बोटीच्या नळीचंही तसंच आहे. बाहेर जाताना पाणी मागच्या दिशेला झोत होऊन निघून जातं, म्हणून बोट पुढे. आत येताना ते चहूकडून गोळा होतं. नळीत शिरल्यावर त्याला पुढच्या दिशेचा वेग मिळतो खरा, पण ते आतच अडतं आणि तो वेग बोटीलाच परत देऊन टाकतं. घेतलं तेवढं दिलं, हिशेब शून्य. बाहेर गेलेला झोत मात्र परत येत नाही.

पाणी आत-बाहेर होत का राहतं, तर वाफ फुगते आणि नळीतलं पाणी ढकलते. पाणी एकदा चालायला लागलं की थांबायच्या जागेच्याही पुढे जातं, झोका मध्यावर थांबत नाही तसं. वाफ तेवढी ताणली जाते, नळीच्या थंड भागापर्यंत येते, आटते, पाणी परत येतं आणि त्यातलं थोडंसं तापल्या पत्र्यावर पडून पुन्हा वाफ होतं. डबीचा वरचा पातळ पत्रा या ओढाताणीत आत-बाहेर लवतो, तीच टरटर. म्हणजे चालत्या बोटीत डबी बहुतेक वाफेनेच भरलेली असते, पाणी असतं ते नळ्यांत. बोट थांबल्यावर डबी रिकामी दिसली म्हणून लगेच घाबरू नका.

ही युक्ती जुनी आहे. टोमा पियो या फ्रेंच माणसाने १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये असल्या बोटीचं पेटंट मागितलं होतं. पुढच्या काळात अमेरिकेत चार्ल्स मॅकह्यू याने लवत्या पत्र्याची रचना आणली आणि आवाज आला. कुठलंही चाक, दांडा, झडप नसलेलं वाफेचं इंजिन, तेही जत्रेत मिळणारं. या खेळण्याला "साधं" म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

पत्रेकाम यांच्या उत्तरात थोडी भर. बोट पाच-सात मिनिटं छान चालून मग मरगळत असेल तर गळती नसतानाही हवा साठते. नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते, ती तापल्यावर सुटते आणि डबीत राहते. उकळून गार केलेलं पाणी भरलं तर बोट जास्त वेळ टिकते.

बोअरचं_पाणी

+१. उकळलेल्या पाण्याचा दुसरा फायदा असा की जड पाण्यातला बराच क्षार भांड्यातच बसतो. नाहीतर तो डबीत बसतो. नळीतून पांढरा भुगा येत असेल तर गाळलेला लिंबाचा रस आणि पाणी समभाग घेऊन भरा, दहा मिनिटांनी काढा, तीन-चार वेळा साध्या पाण्याने धुवा. रात्रभर ठेवलं तर आम्ल कथलाचा मुलामा खातं आणि खालचं लोखंड गंजतं.

गळती एम-सीलने बुजवता येईल ना? डाख देणारे आता सापडत नाहीत.

पत्रेकाम

पत्र्याच्या बोटीला एम-सील नको. डबी ज्योतीच्या अगदी वर असते, साधं इपॉक्सी त्या उष्णतेला मऊ पडतं आणि चार दिवसांत सुटतं. वर डाखाच्या जागेला तेलकट थर बसतो तो वेगळाच.

डाख देणारा नसला तरी रेडिओ-मोबाइल दुरुस्तीवाला असतोच. सांध्याभोवतीचा रंग आणि गंज ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचा लेप) लावा, ६०/४० ची (६० भाग कथील, ४० भाग शिसं) सोल्डर तार आणि डाख द्यायची ६० वॅटची सोल्डरिंग आयर्न. २५ वॅटची पुरत नाही, पत्रा उष्णता पसरवतो आणि डाख दाण्यासारखा गोळा होऊन वरच बसतो. गॅसची ज्योत नको, एक सांधा जोडताना शेजारचे दोन सुटतील. शेजारच्या सांध्यावर ओलं फडकं ठेवा. नळीच्या आत डाख उतरू नये म्हणून आत कोरडी बांबूची काडी सरकवून ठेवा, डाख लाकडाला धरत नाही.

टाकाऊतून

पत्र्याची मिळालीच नाही तर शीतपेयाच्या ॲल्युमिनियम डब्याची करता येते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंची जी खेळणी मुलांपर्यंत नेली, त्याच जातीचं हे काम.

डब्याच्या बाजूचा पत्रा ७ × १४ सेंमी कापा. कात्रीने होतो, पण कडा ब्लेडसारख्या असतात, मुलांच्या हाती कापायला देऊ नका. मधोमध दुमडून ७ × ७ करा. दोन्ही बाजूंच्या कडा १ सेंमी दुमडून चमच्याच्या पाठीने घट्ट घासा, म्हणजे एका बाजूने उघडा ५ सेंमी रुंद खिसा तयार होतो. उघड्या तोंडात दोन नळ्या २ सेंमी आत घाला. तोंड आणि दोन्ही दुमडलेल्या कडा इपॉक्सीने बंद करा आणि पूर्ण दिवस वाळू द्या. इथे इपॉक्सी चालतं, कारण ज्योत खिशाच्या बंद टोकाखाली असते आणि तोंडाच्या सांध्यापासून निदान ३ सेंमी लांब.

अडचण नळ्यांची. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ दोन फेऱ्यांत लगदा होते. माशांच्या टाकीच्या हवापंपाची सिलिकॉन नळी घ्या, पीव्हीसीची नको, ती ढिली पडते. सिलिकॉनला इपॉक्सी मात्र नीट धरत नाही, म्हणून खिशात पितळी नळीचे ३ सेंमीचे तुकडे चिकटवायचे आणि बाहेर आलेल्या टोकांवर सिलिकॉन नळी चढवायची.

होडीला दुधाचा किंवा रसाचा पुठ्ठ्याचा खोका उभा चिरून. खिसा वर, नळ्या मागे खाली उतरत्या, साधारण ३० अंशांत, तोंडं पाण्याखाली २ सेंमी. आवाज पत्र्याच्या बोटीएवढा खणखणीत येत नाही, बारीक पुटपुट येते.

परातीतलं_बंदर

सिरिंजने तपासलं. डाव्या नळीच्या मुळाशी सलग बारीक बुडबुडे. थांबते तेव्हा वात पेटलेलीच असते. सुकाणूही वाकवलेलंच निघालं. डाख द्यायच्या आधी नळीभोवतीचा जुना डाख पूर्ण काढायचा की त्यावरच नवा चढवायचा?

पत्रेकाम

पूर्ण काढू नका, नळी निखळेल आणि कोन बिघडेल. वरचा काळपट थर घासून काढा, फ्लक्स लावून जुना डाख वितळवा आणि त्यातच नवी तार थोडी भरा. गार होईपर्यंत हलवू नका, हलला तर सांधा भुरकट आणि दाणेदार दिसतो, तो पुन्हा गळतो. मग गरम पाण्याने फ्लक्स धुऊन टाका. खेळून झाल्यावर दर वेळी नळ्या खाली करून डबी झटकायची आणि बाहेरून तेलाचा हात फिरवून ठेवायची.