नवऱ्याचा जर्मन पासपोर्ट झालाय, म्हणून मला ए वन लागणार? त्याच्या मित्राच्या बायकोला तर लागलं नव्हतं

मिरजकरीण

नमस्कार सगळ्यांना, आमचं लग्न फेब्रुवारीत झालं. नवरा सात वर्षं श्टुटगार्टला आहे, आधी ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना) होता आणि मागच्या वर्षी त्याला तिकडचं नागरिकत्व मिळालं. आम्हाला वाटलं आता तर सगळं सोपंच होणार. त्याच्याच ऑफिसमधल्या मित्राची बायको कुठलीही परीक्षा न देता गेली, पण आम्ही माझ्या व्हिसाच्या कागदपत्रांची यादी काढली तर त्यात जर्मनचं ए वन, म्हणजे भाषेच्या पहिल्या पायरीचं, सर्टिफिकेट. मी बी.कॉम. आहे, इथे एका पतसंस्थेत सहा वर्षं नोकरी करते, जर्मनचा एक शब्द येत नाही. एक एजंट म्हणाला की डिग्री आहे ना मग सूट मिळते, नाहीतर नवऱ्याचं जुनं ब्लू कार्ड जोडून देऊ. सासूबाई म्हणतायत नोकरी सोड आणि पुण्याला राहून कोर्स कर. खरंच नोकरी सोडावी लागेल का? आणि पासपोर्ट घेतल्यावर नियम उलट कडक कसा झाला हे कुणी सांगेल का, रात्री झोप लागत नाहीये.

नेकारकाठ

ताई, तुमच्यासारखी केस माझ्या चुलतभावाची झाली म्हणून नीट लिहितो. भाषेची अट तुमच्यावर आहे की नाही हे तुमच्या शिक्षणापेक्षा जास्त नवऱ्याकडे आज कुठला कागद आहे त्यावरनं ठरतं. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला ए वन लागत नाही. 2022 च्या शेवटी कायदा बदलला तेव्हापासून साध्या कुशल कामगाराच्या परमिटवर असलेल्यांच्या जोडीदारालाही लागत नाही. ब्लू कार्डवरून थेट कायमचा परवाना घेतला असेल तरी सूट टिकते. पण माणूस जर्मन नागरिक झाला की त्याची बायको 'जर्मन माणसाची बायको' या कलमात जाते आणि तिथे ए वन आहे. जुनं ब्लू कार्ड जोडून काही होणार नाही, ते आता त्याचं नाहीच, आणि मुद्दाम जुना कागद पुढे करून अर्ज दिला तर सगळ्या अर्जावरच शंका येईल. त्या एजंटचं ऐकू नका.

2024 च्या जूनमध्ये नागरिकत्वाची मुदत आठावरून पाच वर्षांवर आली तेव्हा आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी लगेच अर्ज टाकले, लग्न व्हायचं होतं त्यांनीही, आणि हा मुद्दा कुणाच्या डोक्यातच आला नाही. ज्यांची लग्नं ठरायची आहेत त्यांनी हे वाचून ठेवा.

डिग्रीचं म्हणाल तर सूट आहे, पण आपोआप नाही. तुमच्या शिक्षणाला साजेसं काम तिकडे मिळेल आणि मदतीशिवाय तुमचं सगळं नीट चालेल असं अधिकाऱ्याला पटावं लागतं. पतसंस्थेतल्या कामाचं जर्मनशिवाय तिकडे काय होणार हे दाखवणं अवघड आहे, म्हणून त्या भरवशावर थांबू नका, तोवर चार महिने जातील.

डेर_डी_दास

मी गेली अकरा वर्षं पुण्यात जर्मन शिकवते. मिरजकरीण, नोकरी सोडू नकोस गं! ए वनला साधारण 80 ते 200 तासिका लागतात, 45 मिनिटांच्या. संध्याकाळचा ऑनलाइन वर्ग लाव, रोज सकाळी अर्धा तास ऐक, चार-पाच महिन्यांत होतं. कोर्स कुठेही कर, पण परीक्षा मान्यताप्राप्त संस्थेचीच दे, म्हणजे गोएथे (आपलं मॅक्स म्युलर भवन), टेल्क, ओएसडी वगैरे, आणि ती प्रत्यक्ष जाऊनच द्यावी लागते. कुठल्याही क्लासचं 'ए वन पूर्ण' असं सर्टिफिकेट व्हिसाला चालत नाही, यात दरवर्षी कुणीतरी पैसे घालवतं आणि मग रडत माझ्याकडे येतं.

गोएथेची परीक्षा 100 गुणांची, पास व्हायला 60. ऐकणं, वाचणं, लिहिणं मिळून तासभर आणि बोलणं पंधरा मिनिटं, तेही गटात. ए वनमध्ये एकेक भाग वेगळा देता येत नाही, नापास झालं तर सगळी परीक्षा परत. पण त्याचा फायदाही आहे, एका भागात कमी पडलं तर दुसऱ्या भागात भरून निघतं. ऐकण्यात मधला भाग, स्टेशनवरच्या आणि दुकानातल्या घोषणांचा, एकदाच ऐकवतात, बाकीचे दोनदा. तिथे एक शब्द हुकला तर त्याच्यामागे लागू नकोस, पुढचं ऐक. लिहिण्यात एक फॉर्म भरायचा आणि तीसेक शब्दांची चिठ्ठी. दिलेल्या तिन्ही मुद्द्यांवर एकेक वाक्य, सुरुवातीला 'लीबं' अमुक, शेवटी 'फीलं ग्र्यूसं' आणि नाव, एवढं आलं की झालं.

बोलताना आधी स्वतःची ओळख आणि मग एखाद्या शब्दाचं स्पेलिंग विचारतात, नाव किंवा गाव. इथे आपली मुलं इंग्रजीच्या सवयीने फसतात कारण जर्मनमध्ये 'ई' म्हटलं की ते अक्षर इंग्रजी आय (I) आणि 'ए' म्हटलं की इंग्रजी ई (E). तुझं मिरज होईल एम, ई, एर, आ, योट. आत्ताच दहा वेळा म्हण.

आणि घाबरू नकोस, मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या येतात. आपल्याकडे तो-ती-ते आहे, त्यांच्याकडे डेर-डी-दास, तीन लिंगं म्हणजे काय हे तुला समजावून सांगावं लागणार नाही. फक्त शब्दागणिक जुळतील ही अपेक्षा ठेवू नकोस, त्यांची मुलगी नपुंसकलिंगी आहे, आपण 'ते पोर' म्हणतो तसं समज. आकडे तर आपलेच. एकवीस, बावीस म्हणताना आपणही एकं आधी म्हणतो ना, तेही 'आइन-उंट-ट्स्वान्त्सिश' म्हणजे एक आणि वीस म्हणतात. इंग्रजीत डोकं घालून आकडे शिकणारे अडखळतात, मराठीतून शिकणारे नाही. माझ्या वर्गात हे मी दर बॅचला बघते.

कोकणस्थ_इन_कोल्न

सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट बोलावीशी वाटते. हा नियम 2007 मध्ये आला, जबरदस्तीची लग्नं थांबवायची आणि नवीन येणाऱ्याला भाषा यावी असं कारण सांगितलं गेलं. मिरजकरीण शिकलेली आहे, इंटरनेट आहे, पाच महिन्यांत करेल. पण माझ्या मावशीचं काय, ती सातवी शिकलेली, काका इथे जर्मन नागरिक, तिने तीन वेळा परीक्षा दिली. गावाहून पुण्याला येऊन हॉटेलात राहून परीक्षा द्यायची आणि घरी परत जाऊन रडायचं. दीड वर्ष दोघं वेगळे राहिले. अशांसाठी 2012 मध्ये तिकडच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलंय की जर्मन नागरिकाच्या जोडीदाराने वर्षभर खरंच प्रयत्न केले आणि तरी जमलं नाही तर फक्त भाषेवरून व्हिसा अडवता येणार नाही. आम्हाला हे उशिरा कळलं. तेव्हा ज्यांच्या घरी असं आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून क्लासच्या पावत्या, हजेरी, नापास झालेल्या परीक्षांचे निकाल सगळं जपून ठेवा, तेच पुरावे लागतात. आजारपण किंवा अपंगत्वामुळे शिकताच येत नसेल तर वेगळी सूट आहे, डॉक्टरांचा नीट रिपोर्ट हवा.

मिरजकरीण

सगळ्यांचे खूप आभार, सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटतंय. नवऱ्याला हे वाचून दाखवलं, तो म्हणाला मला कुणी सांगितलं असतं तर नागरिकत्वाचा अर्ज सहा महिने पुढे ढकलला असता. असो, आता झालं ते झालं. दोन प्रश्न राहिले. परीक्षा आत्ताच देऊन ठेवली आणि अर्जाला वेळ लागला तर सर्टिफिकेट चालेल ना? आणि ए वन झालं की तिकडे गेल्यावर पुन्हा परीक्षा आहे का?

डेर_डी_दास

सर्टिफिकेटवर मुदत लिहिलेली नसते, पण माझ्या विद्यार्थ्यांकडे वर्षाच्या आतलं मागितलं गेलंय, म्हणून बाकीची कागदपत्रं तयार होत आली की मग तारीख घे. पुण्याच्या तारखा पटकन भरतात, पहिल्या दिवशीच बुकिंग कर. आणि परीक्षेनंतर पुस्तक मिटू नकोस, माझ्या एका विद्यार्थिनीला अर्ज देताना काउंटरवर जर्मनमध्येच दोन साधे प्रश्न विचारले होते, कुठे राहता, काय काम करता.

नेकारकाठ

तिकडे आल्यावर इंटिग्रेशन कोर्स असतो, 600 तास भाषा आणि 100 तास कायदा-इतिहास वगैरे, बी वनपर्यंत (ए वन, ए टू नंतरची पायरी) नेतात. ते तुमच्या फायद्याचंच आहे, कारण जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांनी कायमचा परवाना मिळू शकतो आणि त्याला बी वन लागतं. नोकरीची परवानगी पहिल्या दिवसापासून असते.

मिरजकरीण

सोमवारपासून संध्याकाळी सातचा वर्ग लावलाय. परीक्षेला आदल्या दिवशी कोयनेनं पुण्याला येईन, आत्याकडे राहीन. एम, ई, एर, आ, योट. बरोबर ना?

डेर_डी_दास

अगदी बरोबर. आता आडनावाचं कर.