टोकन देण्याआधी एवढं बघाच

पुण्यात खराडीतला २ बीएचके भाड्याने देण्यासाठी घ्यायचाय आणि एजंट म्हणतो, "आजच टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे," असं तुम्ही लिहिलंय. मनापासून सांगतो, एक दिवस थांबा.

माझ्या पहिल्या फ्लॅटच्या वेळी मी असाच घाईत चेक फाडला होता. नंतर कळलं की उन्हाळ्यात रोज टँकर येतात, आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये लागतो. आता मी सकाळी सातला जाऊन आधी वॉचमनशी बोलतो. कुठल्या विंगमध्ये घरं रिकामी पडतात, भाडेकरू का सोडून जातात, हे त्याला बरोब्बर ठाऊक असतं.

हिशेबही कागदावर मांडा. समजा ८० लाखांचा फ्लॅट. ७ टक्के मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. भाडं २५ हजार धरलं तर वर्षाला ३ लाख, म्हणजे एकूण खर्चाच्या जेमतेम साडेतीन टक्के, त्यातून मेंटेनन्स आणि एखादा रिकामा महिना वजा. कर्जाचा हप्ता भाड्यातून सुटेल या आशेवर अजिबात राहू नका.

एक गोष्ट हमखास सुटते: पुणे मनपाची मिळकतकरातली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यांनाच आहे, भाड्याने दिलं की ती जाते. सोसायटी बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं) लावेल, पण ते सोसायटीच्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपलीकडे लावता येत नाही. जास्त मागितलं तर लेखी विचारा.

इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला खरेदी-विक्रीचा उतारा) आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र हातात आल्याशिवाय मात्र एक रुपयाही देऊ नका.